मले, मला आणि माले

रिसोडच्या बसस्टँडवर उतरून रामराव नवघरे यांचं घर कुठे म्हणून विचारलंत, तर चार माणसं चार दिशांना हात दाखवतील. तेच "मलासर कुठी राह्यतेत?" असं विचारा, पाणीपुरीवाला गाडी सोडून दारापर्यंत पोचवून देईल. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून माणसाने काय नाव कमावलं, तर हे. रामराव स्वतःच हे सांगतात, आणि सांगता सांगता शर्टाच्या वरच्या खिशात हात घालून पासपोर्टच्या अर्जाची पावती जागेवर आहे ना ते चाचपून बघतात. रिसोड सोडून फार तर अकोल्यापर्यंत जाणाऱ्या माणसाच्या खिशात ती पावती कशी आली, त्याचीच ही हकीकत.

मलासर हे नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. वर्गात कोणी "सर, मले येत नाही" म्हणालं की सर मोसमी वारे, अक्षांश-रेखांश, सगळं होतं तिथे सोडून द्यायचे. "मले नाही. मला. पन्नास वेळा लिही." पोरगं इमानेइतबारे पन्नास वेळा "मला" लिहायचं आणि वही दाखवताना म्हणायचं, "सर, झालं. आता मले पानी प्याले जाऊ द्या." मग पुन्हा पन्नास. रिसोडातल्या दोन पिढ्यांनी मिळून किती "मला" लिहिले असतील देव जाणे. एवढं होऊन गाव आजही बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत "मले"च म्हणतं. सरांनी वऱ्हाडाला सरळ करायला घेतलं होतं. वऱ्हाड जिथल्या तिथे राहिलं आणि सरांना टोपणनाव चिकटलं.

या हट्टाचं मूळ पुण्यात आहे. रामराव तिथे बी.एड.ला गेले होते. बावीस वर्षांचं वय, अंगात नवा शर्ट, पहिलाच दिवस. कँटीनच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "मले चहा द्या." आतला माणूस शांतपणे म्हणाला, "मळे? कोणाचे मळे?" मागची सगळी रांग हसली. पुढे वर्षभर त्यांना सगळे मळेवाले म्हणत, आणि हेही मुकाट्याने ओ देत. त्या वर्षी रामरावांनी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. एक, पुण्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. दोन, आपल्या हाताखालून जाणाऱ्या एकाही पोरावर अशी पाळी येऊ द्यायची नाही. पहिली गोष्ट पाळणं सोपं गेलं, कारण त्यांना गाडी लागते.

गाडी लागते म्हणजे थोडीथोडकी नाही. रिसोडहून निघालेली एस.टी. शिरपूर ओलांडून मालेगावात शिरेपर्यंत सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो. मालेगाव म्हणजे आपलं वाशीम जिल्ह्यातलं, जेमतेम तासाभरावरचं. जो माणूस मालेगावाच्या पुढे कण्हत जातो, त्याने एकतीस वर्षं जगाचा भूगोल शिकवला. भरती-ओहोटी त्यांनी परातीत पाणी घेऊन शिकवली. फळ्यावर काढलेला हिंदी महासागर तर असा हुबेहूब असायचा की तपासणीला आलेले साहेबसुद्धा क्षणभर थांबायचे. पण सरांनी समुद्र काही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आयुष्यात शिरले ते सर्वांत खोल पाणी पैनगंगेचं, गुडघ्याएवढं, तेही शाळेचा गणपती बुडवताना. शाळेची कोकणातली सहल तीनदा ठरली. तिन्ही वेळा सरांनी कुठे काय बघायचं याचं टिपण काढून दिलं आणि तिन्ही वेळा बायको आजारी आहे म्हणून मागे राहिले. बायको, म्हणजे रुख्मिणीबाई, तिन्ही वेळा ठणठणीत होत्या. ते त्या अजूनही ऐकवतात.

घरात राखी ही एकुलती एक मुलगी. घरालाही शाळेचाच नियम. रुख्मिणीबाईंना कोणी नियम लावू शकत नाही, त्यामुळे त्या वगळल्या गेल्या. राखी मात्र लहानपणापासून दोन भाषांत वाढली. स्वयंपाकघरात आईशी "मले", बाहेरच्या खोलीत बाबांशी "मला". उंबरठा ओलांडताना ती जीभ बदलायची आणि कधीही चुकायची नाही. सरांना याचा केवढा अभिमान! आलेल्यागेलेल्याला सांगायचे, "आमची राखी बघा, पुण्यात नेऊन सोडली तरी कोणाला कळायचं नाही कुठली आहे." आपल्या पोरीचं गाव कोणाला कळू नये याचा आनंद मानणारा बाप आपणच, हे आता त्यांना आठवलं की ते कपाळाला हात लावतात.

राखी अकोल्याला नर्सिंग शिकली, तिथेच दोन वर्षं नोकरी केली, आणि एक दिवस तिला मालदीवच्या राजधानीतल्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं. शहराचं नाव माले.

राखीने घरी येऊन ते पत्र बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, जावं की नाही, मला काही कळत नाही." पोरगी प्रश्न विचारत होती. सरांना वाटलं, धडा विचारते आहे. त्यांनी ॲटलास काढला, चष्मा लावला आणि तासभर बोलले. विषुववृत्ताच्या जरासं वर, चार अंशांवर, महासागराच्या मधोमध प्रवाळाची बेटं आणि त्यातलं हे एक. नकाशात "माले" ही दोन अक्षरंच शहरापेक्षा मोठी दिसत होती. "अगं, लोक पैसे खर्चून जातात तिथे! आणि तुला पगार देऊन बोलावताहेत." धडा संपला, तेव्हा राखीचं जाणं ठरून गेलेलं होतं. कोणी ठरवलं ते मात्र विचारू नका.

रुख्मिणीबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अवो, पोरगी समुद्रात चालली अन् तुमी नकाशा काय दाखवून राह्यले?"

"समुद्रात नाही, बेटावर."

"मंग ते बेट पान्याच्या वर किती हाय?"

"मीटरभर. कुठे कुठे दोन."

"म्हंजे आपल्या ओट्याएवढं?"

सरांनी ओट्याकडे बघितलं, मनातल्या मनात मोजलं आणि ॲटलास मिटला. हिशेब बरोबर होता.

राखी सप्टेंबरात गेली आणि सरांच्या मागे एक विनोदी पीडा लागली. जन्मभर ज्या माणसाने गावाच्या तोंडातलं "मले" काढून टाकायची धडपड केली, त्यालाच आता दिवसातून पन्नास वेळा "माले, माले" म्हणावं लागत होतं. आणि गावाला ते एकदाही नीट ऐकू येत नव्हतं. शेजारच्या गोजराबाई म्हणाल्या, "मालेगावले लागली काय? लय बेस झालं. शिरपूरच्या गाडीनं शनिवारच्या शनिवारी येईन पोरगी." सरांनी मालेगाव आणि माले यांच्यामधलं अंतर समजावून सांगितलं. गोजराबाईंनी मान डोलावली, आणि पुढच्या शनिवारी कुंपणावरून विचारलं, "काहून वो सर, गाडी चुकली काय तिची?"

बसस्टँडसमोर रऊफभाईंचं घड्याळदुरुस्तीचं टीचभर दुकान आहे. सर निवृत्त झाल्यापासून त्यांची दुपार तिथेच जाते. रऊफभाई एका डोळ्याला भिंग लावून काम करतात आणि दुसऱ्या डोळ्याने गिऱ्हाइकाची गंमत बघतात. ते म्हणाले, "सर, हे गाव तं आपलंच वाटते. तुमाले, आमाले, माले!" सरांनी त्यांच्याकडे वर्गात बघायचे तसं बघितलं. रऊफभाई त्यांच्या वर्गात कधी बसलेले नव्हते, म्हणून काही फरक पडला नाही.

माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे चालतं. हे कळल्याबरोबर सरांनी जुनं घड्याळ रऊफभाईंकडून दुरुस्त करून घेतलं, अर्धा तास मागे लावलं आणि उजव्या मनगटावर बांधलं. डाव्या हातावर रिसोड, उजव्या हातावर माले. "सर, अर्ध्या घंट्यासाठी दुसरी घडी?" रऊफभाईंनी विचारलं. "तिथे आत्ता किती वाजले हे बापाला ठाऊक पाहिजे," सर म्हणाले. किती वाजले ते त्यांना सेकंदाबरहुकूम ठाऊक असायचं.

ऑक्टोबरातला एक शुक्रवार. तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. सर दुकानात बसून रऊफभाईंना सांगत होते, की रिसोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते बेट संपतं, आणि माणसं मात्र रिसोडच्या चौपट. तेवढ्यात फोन वाजला. राखीने आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. समोर अकोल्याची गाडी मागे घेणं चाललं होतं, कंडक्टर शिट्टी फुंकत होता, ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला होता. सरांनी फोन कानाला लावला.

"बाबा, जेवण झालं. आज सुट्टी आहे. इथे सगळं चांगलं आहे. फक्त..." मध्ये हॉर्न. "...माले करमत नाही."

सरांनी फोन तोंडाजवळ धरला, घसा खाकरला आणि उत्तर रेकॉर्ड करायला घेतलं.

"राखी, आधी विभक्ती. 'माले करमत नाही' असं वाक्य होत नाही. 'मालेत करमत नाही.' सप्तमी. परदेशात गेलीस म्हणून मराठी सैल सोडू नकोस. आता मुद्दा दुसरा. मालेत न करमण्यासारखं आहे काय? शुक्रवारची जुनी मशीद पाहिलीस? साडेतीनशे वर्षांपेक्षा जुनी आहे. सगळी प्रवाळाच्या दगडाची. दगडात दगड असे अडकवलेत की चुना लागला नाही, आणि भिंतींवर कोरीव काम. आपल्या शिरपूरला मूर्ती अधांतरी म्हणून लोक लांबून येतात, तुझं तर अख्खं गाव पाण्यावर उभं आहे! पोर्तुगीज तिथे पंधरा वर्षं बसले होते, बेटावरच्या लोकांनी हुसकावून लावले. त्याच्याही आधी, बाराव्या शतकापर्यंत, तिथे बौद्ध धर्म होता. सुलतानाच्या वाड्याची जागा आता बाग आहे, तिथे जा. मासळीबाजारात जा, माणसाएवढा मासा दोन मिनिटांत कापून देतात म्हणे. किनाऱ्यावर लाटा अडवायला सिमेंटचे चार पायांचे ठोकळे रचलेत, त्यांचा फोटो पाठव, मला शाळेत दाखवायला होईल. विमानतळाच्या बेटावर जायला आता पूल झालाय, त्यावरून चालत जाता येतं का ते बघून सांग. आणि एक लक्षात ठेव, चहूकडे पाणी असून तिथे नदी नाही, विहिरीचं पाणी खारट झालंय, प्यायचं पाणी समुद्राचं मीठ काढून..."

"सर," रऊफभाई म्हणाले, "एखादा श्वास तं घ्या."

सात मिनिटं झाली होती. सरांनी ती पाठवून दिली आणि समाधानाने चहा मागवला. थोड्या वेळाने राखीचं उत्तर आलं, लिहून. "हो बाबा. बघते."

ती खरंच बघायला लागली. दर शुक्रवारी एक फोटो यायचा. मशिदीच्या कोरलेल्या भिंती. मासळीबाजारातली ओली फरशी आणि तिच्यावर ओळीने मांडलेले चकचकीत मासे. सुलतानाच्या बागेतलं मोठं झाड. सिमेंटचे ठोकळे आणि त्यांच्यावर फुटलेली लाट. सर प्रत्येक फोटोला परिच्छेदभर माहिती लिहून परत पाठवायचे आणि फोटो रऊफभाईंना, पानवाल्याला, गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांनाही दाखवायचे. उन्हाच्या तिरपीवरून फोटो किती वाजता काढला हेसुद्धा सांगायचे. रुख्मिणीबाईंनी एकदा सगळे फोटो पुढेमागे करून पाहिले.

"अवो, याच्यात पोरगी कुठी हाय?"

"फोटो काढणारा फोटोत कसा येईल?"

"मंग काढाले दुसरं कोनी नाही काय तिच्यापाशी?"

"निसर्गाचे फोटो असेच काढतात, रुख्मिणी," सर म्हणाले. या वाक्यासाठी त्यांनी स्वतःला पुढे बरीच दूषणं दिली आहेत, त्यामुळे आपण वेगळी द्यायला नकोत. रुख्मिणीबाई फोनवर लेकीला विचारायच्या, "बरी हाय ना वो माय?" आणि राखी म्हणायची, "बरी हावो आई." आई जाऊ नको म्हणत होती, तिच्यापुढे रडायचं तरी कोणत्या तोंडाने! राहता राहिले बाबा. त्यांना तिने एकदा सांगून बघितलं होतं, आणि बदल्यात सात मिनिटांचा पाठ ऐकला होता.

जानेवारीत भूगोल दिन असतो. चौदा तारखेला संक्रांत आली म्हणून शाळेने तो दुसऱ्या दिवशी ठेवला आणि पाहुणे म्हणून सरांनाच बोलावलं. मुख्याध्यापिका मंजुषामॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी, सातवीत असताना दोनशे वेळा "मला" लिहिलेल्या. विषय ठरला होता, "बेटावरची राजधानी". सरांनी इस्त्रीचे कपडे घातले, दोन्ही घड्याळं बांधली आणि बेट दाखवायला म्हणून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लिलाबाईंकडून त्यांची मोठी परात मागून घेतली. परातीत पाणी ओतलं, मधोमध ताटली पालथी घातली. ताटलीची पाठ पाण्याच्या वर बोटभर.

"ही माले," सर म्हणाले, आणि रंगले. पोरंही रंगली. सरांनी परात जरा हलवली, पाणी ताटलीवर चढलं, पुढच्या बाकावरच्या पोरी ओरडल्या. समुद्र वाढला तर काय, वाळू ओतून शेजारी नवं बेट कसं केलं, रस्त्यांवर माणसांपेक्षा फटफट्या कशा जास्त, सगळं झालं. लिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. खिचडी उतरवायची वेळ झाली होती आणि त्यांना परात पाहिजे होती. सरांनी त्यांना हाताने थांबायची खूण केली. शेवटचा हुकमी पत्ता बाकी होता.

"आता तुम्हाला थेट मालेहून आवाज ऐकवतो. माझ्या मुलीचा. नीट ऐका, यात एक चूक आहे. ती शोधायची."

मंजुषामॅडमनी माइक फोनजवळ धरला. वर्ग चिडीचूप झाला. इथे एस.टी. नव्हती, शिट्टी नव्हती. राखीचा आवाज दोन्ही कर्ण्यांतून स्वच्छ बाहेर आला आणि संपला.

"सांगा. काय चूक आहे?"

कोणी हात वर करेना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने तोंड उघडलं आणि चटकन त्याच्यावर हात ठेवला. मंजुषामॅडम पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. सरांना वाटलं, विभक्ती कच्ची आहे यांची. त्यांना हे कसं सुचावं, की उत्तर साठच्या साठ पोरांना ठाऊक होतं, पण मलासरांच्या समोर तो शब्द तोंडातून काढायची कोणाची छाती नव्हती.

लिलाबाई सरांच्या वर्गात कधी बसल्या नव्हत्या. त्या दारातून म्हणाल्या, "चूक कायची वो सर? पोरगी रडून राह्यली."

"रडत नाही हो. मालेत करमत नाही म्हणते आहे. 'मालेत' म्हणायला पाहिजे, ती 'माले' म्हणाली."

"माले नाही वो! मले. 'मले करमत नाही' म्हनून राह्यली पोरगी. एकडाव अजून लावा बरं."

सरांनी पुन्हा लावलं. हॉर्नने गिळलेला तुकडाही आता ऐकू आला. "इथे सगळं चांगलं आहे. फक्त..." इथे राखी थांबली होती. तिने नाक ओढलं होतं. आणि मग, अगदी हळू, "मले करमत नाही."

सव्वीस वर्षांत ती बाबांशी "मले" एकदाही बोलली नव्हती. त्या शुक्रवारी बोलली. उंबरठ्यावर जीभ बदलायचंही तिला सुचलं नव्हतं, इतकी ती एकटी पडली होती. आणि बापाने तिला सप्तमी विभक्ती शिकवली. वर मशीद, मासळीबाजार आणि पूल बघून यायला सांगितलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि अर्धा जानेवारी. एवढे शुक्रवार पोरगी एकटी त्या बेटावर बापाचा गृहपाठ करत फिरत होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"सर, पाणी देऊ?" मंजुषामॅडमनी विचारलं.

"चूक सापडली," सर पोरांना म्हणाले. "माझीच आहे. मलाच पन्नास वेळा लिहायला पाहिजे." मग त्यांनी परातीतली ताटली काढली, पाणी खिडकीतून बाहेर ओतलं आणि परात लिलाबाईंच्या हातात दिली. पाणी ओतताना इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

घरी रुख्मिणीबाई ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. सर त्यांच्याजवळ खाली बसले आणि तो आवाज त्यांना ऐकवला. रुख्मिणीबाईंना एकदाच पुरला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"तीस वर्ष लोकाइचं 'मले' खोडत बसले. घरच्या पोरीचं एक 'मले' आलं, तं ते नकाशात धुंडून राह्यले होते तुमी?"

सरांकडे होतं ते उत्तर भूगोलाचं होतं, आणि एवढी अक्कल तोवर आली होती की ते द्यायचं नाही.

"आता ते व्याख्यान बंद करा अन् पासपोट काढा. आपुन जाऊ पोरीकडं. मी बी येतो."

"मला गाडी लागते, रुख्मिणी. हे तर विमान."

"लागू द्या. पिशवी धरीन मी."

पुढच्याच आठवड्यात अर्जाची पावती खिशात आली ती अशी. पण त्या दिवशी आधी फोन लावला. डाव्या हातावर सव्वाचार, उजव्या हातावर पावणेचार. राखीची ड्यूटी साडेतीनला सुटते. घंटी वाजत राहिली आणि सरांच्या मनात नको नको ते येऊन गेलं. मग तिने उचलला.

"बोला बाबा."

"राखी, तिथे आज हवा..." सरांनी जीभ चावली. रुख्मिणीबाईंनी कोपराने ढोसलं. "हवा जाऊ दे. अगं, तुला परत यायचं असेल तर ये. मी काही म्हणणार नाही."

"नाही बाबा, ठीक आहे इथे." आवाज सरळ, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा. पुण्यात नेऊन सोडला तरी कोणाला कळला नसता. "त्या पुलाचं तेवढं राहिलंय. पुढच्या शुक्रवारी जाऊन फोटो पाठवते."

पोरगी परीक्षा देत होती. बापाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, सुवाच्य अक्षरात. सरांना कळलं की आपण हिला "कशी आहेस" असं शुद्ध मराठीत शंभरदा विचारलं तरी ती शुद्ध मराठीत "बरी आहे" असंच म्हणणार. ते दार त्यांनीच लावून घेतलं होतं. त्यांनी एकदा रुख्मिणीबाईंकडे बघितलं, एकदा कुंपणाकडे, गोजराबाई ऐकत तर नाहीत ना म्हणून. गोजराबाई ऐकतच होत्या. मग सरांनी पुण्यातल्या त्या कँटीनपासून जो शब्द स्वतःसाठी तोंडात घेतला नव्हता, तो घेतला.

"राखे," ते म्हणाले, "तुह्याबिगर मले बी करमत नाही, माय."

सरांनी फोन कानापासून काढून बघितला, लाइन तुटली की काय म्हणून. तुटली नव्हती. मग राखीने नाक ओढलेलं ऐकू आलं, लहानपणी पडल्यावर ओढायची तसं, आणि त्या रडण्यातूनच कुठूनतरी तिला हसू फुटलं.

"बाबा," ती म्हणाली, "'मला' म्हणा."

"नाही म्हनत, जाय," मलासर म्हणाले.